चोवीस मिलिमीटरचा कायदा

१ जून उजाडला की गोव्यातल्या मालिम आणि कुटबणच्या जेटीवर ट्रॉलर दाटीवाटीने उभे राहतात आणि बांगडा महागला म्हणून सरकारला बोल लावण्याचा हंगाम सुरू होतो. ३१ जुलैपर्यंतची ही ६१ दिवसांची मासेमारीबंदी केवळ दर्या खवळलेला असतो म्हणून असते, हा समज अपुरा आहे. अनेक जातींच्या विणीचा काळही याच सुमारास येतो. (नारळी पौर्णिमेच्या नारळाने दर्या शांत होतो असे मानणाऱ्यांनी, मोसमी वाऱ्यांचा जोरही त्याच दिवसांत ओसरू लागतो, एवढे ध्यानात घ्यावे.)

उरलेल्या दहा महिन्यांसाठी १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या, आंदोलनामागून आलेल्या या कायद्याखाली किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा यांत्रिक ट्रॉलरना बंद आहे, आणि जाळ्याचा आस, म्हणजे विणीतला डोळा, कोळंबीसाठी किमान २० आणि इतर मासळीसाठी २४ मिलिमीटर असावा लागतो.

खरी गंमत या मापात आहे. आस मोजतात तो ताणून, समोरासमोरच्या दोन गाठींमधले अंतर धरून. म्हणजे २४ मिलिमीटरच्या आसाची प्रत्येक बाजू जेमतेम १२ मिलिमीटर भरते. बाजारातून आणलेली कांद्यांची जाळीदार पिशवी दोन्ही टोकांना धरून ओढावी. तिचे शंकरपाळ्यासारखे डोळे मिटून नुसत्या फटी उरतात. ट्रॉलच्या, म्हणजे ट्रॉलरमागून ओढल्या जाणाऱ्या जाळ्याच्या, मासळी साठते त्या शेवटच्या पिशवीचे पाण्यात हेच होते: ओढ लांबीच्या दिशेने असते, मासळी साठेल तसा ताण वाढतो, आणि साठलेल्या ढिगाच्या लगेच पुढचे थोडे आस सोडले तर बाकीचे मिटतात, त्यामुळे मापाने नियमात बसणाऱ्या जाळ्यातूनही बोटभर पिल्लांना वाट मिळत नाही. तीच जाळी ४५ अंशांनी फिरवून लावली, तर निम्मे धागे ओढीला समांतर येऊन सगळा भार पेलतात, आडव्या धाग्यांवर ताण पडत नाही आणि चौकोन उघडेच राहतात. मत्स्यशास्त्रज्ञ शेवटच्या पिशवीसाठी ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाचा आग्रह धरतात तो यासाठी.

राज्याचा हा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच चालतो. त्यापलीकडे केंद्राचे नियम लागू होतात. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासळी ओढून घेणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली ती तिथलीच.

जेटीवर आस तपासणे मोजपट्टीने होते, परंतु चौकोनी आसाच्या पिशवीच्या आत बारीक आसाचे अस्तर शिवले, तर बाहेरचे माप बरोबर येऊनही पिल्ले आतच अडकतात. त्यामुळे तपासताना पिशवी उलटी करून पाहावी लागते.