'पोहता येणारा गडी ओढून सुटतो' हे खरं नाही

ताडोबा-पेंचकडच्या रिसॉर्टांत, शेतातल्या स्विमिंग पूलवर एक समज हमखास ऐकू येतो: तळाच्या ड्रेनला (पंप जिथून पाणी ओढतो त्या तोंडाला) लहान लेकरंच चिकटतात, विहिरीत पोहणारा गडी झटका देऊन सुटतो.

हिशेब करा. उघड्या ड्रेनचं तोंड 20 सेंटीमीटर रुंद असेल, तर क्षेत्रफळ सुमारे 314 चौरस सेंटीमीटर. पाठीनं ते बंद झालं आणि मोटारीनं अर्ध्या वातावरणाइतकी निर्वात ओढ धरली, की दाब भरतो 160 किलोच्या आसपास. पाण्याखाली, पाय टेकायला जागा नसताना! आधी मोटार बंद करा. मग अंग सरळ न ओढता कडेनं बोटं घालून पाणी आत शिरू द्या. म्हणून स्टार्टर कुलूपबंद खोलीत नको, पूलच्या काठाजवळ हवा.

अमेरिकेत 2002 साली 7 वर्षांची ग्रीम बेकर अशीच गेली. 2007 साली तिच्या नावानं कायदा झाला. त्यानंतर सार्वजनिक पूलांना अडकणरोधक झाकणं सक्तीची झाली.

झाकण घुमटाकार घ्या. सपाट जाळी अंगाखाली पूर्ण बंद होते. एका पंपाला दोन ड्रेन, किमान 3 फूट अंतरावर, मध्ये व्हॉल्व्ह नको. ओढ वाढताच पंप तोडणारं यंत्र चांगलंच, पण केसांच्या बाबतीत ते कुचकामी: केस जाळीमागे गाठ मारून बसतात, तिथं कात्रीच लागते. आणि झाकणाचा एक स्क्रू जरी गायब असेल, तर त्या दिवशी पूल बंद.