ऑस्करची बाहुली भरीव सोन्याची असते का?

ऑस्कर सोहळा झाला की विजेत्यांच्या फोटोंबरोबर एक जुना मेसेज हमखास फिरतो: ‘ही बाहुली भरीव सोन्याची असते, विकली तर सात पिढ्या बसून खातील.’ तिची चमक बघून कोणालाही ते खरं वाटेल. पण सोनं फक्त वरून आहे. आत ब्राँझ, त्यावर २४ कॅरेटचा मुलामा.

वजनावरून हे घरबसल्या ताडता येतं. बाहुली साडेतेरा इंच उंच, वजन सुमारे ३.८५ किलो. एक घन सेंटिमीटर ब्राँझ साधारण ८.८ ग्रॅम भरतं, तेवढंच सोनं १९.३ ग्रॅम. म्हणजे त्याच मापाची बाहुली सोन्यात ओतली, तर ती आठ किलोच्या वर जाईल. जुने व्हिडिओ काढून बघा: कितीतरी विजेते ती एका हाताने डोक्यावर उंचावतात. अर्थात हा नुसता अंदाज झाला, खरा आधार वजनाचाच.

१९२९ च्या पहिल्या सोहळ्यातली बाहुलीही मुलामा दिलेल्या ब्राँझचीच होती. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा तर तीन वर्षं रंगवलेल्या प्लास्टरच्या बाहुल्या दिल्या गेल्या. युद्धानंतर त्या धातूच्या बाहुल्यांशी बदलून मिळाल्या. मला हा तपशील फार बोलका वाटतो.

राहिला विक्रीचा मुद्दा. जुन्या काही बाहुल्या लिलावात लाखो डॉलरला गेल्या आहेत, पण त्या त्यांच्यामागच्या चित्रपटामुळे, धातूमुळे नव्हे. १९५० पासूनच्या विजेत्यांना तर विकण्याआधी ती आयोजकांनाच एका डॉलरला देऊ करावी लागते.