मोटारीतील पडद्यांची नियंत्रणे

गाडी चालवताना दर्शनी फळीवरील पडद्यावर कामे करण्यासाठी चालकाला दिलेली बटणे, घुंडी, स्पर्शपडदा, आवाजी आज्ञा इ. साधने. नजर रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर आणि मन गाडी चालवण्यात राहावे, हे त्यांच्या अभिकल्पाचे मुख्य सूत्र होय.

मोटारीत स्पर्शपडदा बहुधा प्रथम १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरात आला. ऋण किरण नलिकेच्या (जुन्या दूरचित्रवाणी संचासारख्या) त्या पडद्यावरून रेडिओ व वातानुकूलन चालवावे लागे. सपाट काचेवर बोटाला ना कड लागते, ना खाच. त्यामुळे बोट योग्य जागी पडले की नाही, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. पडदे कितीही सुधारले, तरी ही मूळ अडचण सुटलेली नाही. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने आयड्राइव्ह प्रणालीत पडदा वर, नजरेच्या टप्प्यात ठेवला आणि तो चालवण्यासाठी हाताशी एकच घुंडी दिली. अशी घुंडी न पाहता चाचपून सापडते. पहिल्या आवृत्तीत मात्र साध्या कामालाही मेन्यूच्या अनेक थरांतून जावे लागे, अशी टीका झाली.

रस्त्यावरून नजर हटवून पडद्याकडे टाकलेल्या एका दृष्टिक्षेपाची मर्यादा दोन सेकंद असावी, यावर बऱ्याच अंशी एकमत आहे. या मर्यादेचे मूळ काही जण संशोधक जॉन सेंडर्स यांच्या १९६० नंतरच्या दशकातील प्रयोगांत शोधतात. शिरस्त्राणाला बसवलेली अर्धपारदर्शक झडप चालकाच्या डोळ्यांपुढे वारंवार पडे आणि तेवढा वेळ त्याला रस्ता न पाहता गाडी चालवावी लागे. सेंडर्स यांनी ते शिरस्त्राण घालून स्वतः महामार्गावर गाडी चालवली. मात्र वेगानुसार न पाहता काढता येणारा वेळ कसा बदलतो, हा त्या प्रयोगांचा विषय होता. त्यांतून सर्व परिस्थितींना लागू पडणारा एकच आकडा काढणे अवघड आहे. त्यामुळे निकष आधीपासून रूढ असला, तरी त्याचे समर्थन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शंभर मोटारींच्या अमेरिकी अभ्यासाच्या आधारे करणे अधिक योग्य वाटते. नजर दोन सेकंदांहून अधिक काळ रस्त्यावरून हटली, तर अपघाताचा किंवा तो थोडक्यात टळण्याचा संभव किमान दुप्पट होतो, असे त्यात आढळले. ताशी ८८ किमी. वेगाने गाडी दोन सेकंदांत सु. ४९ मी. जाते.

एका कामासाठी नजर एकूण किती वेळ हटावी, याबाबत मतभेद अधिक आहेत. अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेने २० सेकंद, तर तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये १२ सेकंद ही मर्यादा सुचवली. जपानी उत्पादकांची मर्यादा सु. ८ सेकंदांची आहे. यांपैकी अमेरिकी आकड्यांमागे रेडिओचे स्टेशन हाताने लावण्याच्या कामाचे माप आहे. ते काम लोकांच्या अंगवळणी पडले होते. पण एवढ्यावरून ते सुरक्षित ठरत नाही.

एकूण वेळेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व काम तुकड्यांत करता येण्याला द्यावे लागते. १.५ सेकंद दृश्य आणि १.५ सेकंद अंधार आलटून पालटून देणारी आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणी नेमके हेच तपासते. चालकाने रस्त्याकडे पाहून परत येईपर्यंत पडद्यावरील यादी होती तिथेच थांबली पाहिजे. ठराविक वेळ संपताच पडदा मूळ पानावर गेला, तर चालक घाई करतो व नजर तिथेच खिळवतो.

आवाजी आज्ञांनी नजर मोकळी राहते, मन राहतेच असे नाही. काही प्रणालींशी बोलणे संपल्यावरही २७ सेकंदांपर्यंत अवधानावर परिणाम टिकल्याचे यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये नोंदवले. समोरच्या काचेवर माहिती दाखवल्याने मान खाली घालावी लागत नाही. पण नजर समोर असूनही लक्ष त्या अक्षरांत अडकू शकते. हातवाऱ्यांनी नियंत्रणाची सोय काही महागड्या गाड्यांत आली.

२०२२ मध्ये ‘वी बिलॅगरे’ या स्वीडिश नियतकालिकाने ताशी ११० किमी. वेगाने घेतलेल्या चाचणीत नेमून दिलेली चार कामे २००५ च्या बटणांच्या व्होल्व्हो व्ही-७० मध्ये १० सेकंदांत झाली, तर एमजी मार्व्हल आर या स्पर्शपडद्याच्या गाडीत त्यांना ४४.६ सेकंद लागले. मोटारींची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या यूरो एनकॅप या यूरोपीय संस्थेच्या २०२६ पासूनच्या गुणांकनात दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर व आपत्कालीन मदत यांच्यासाठी प्रत्यक्ष बटणे वा दांडे असण्याला महत्त्व दिले आहे.