प्रेशराची गोळी आणि मध्यरात्रीची मिरची भजी

देवळातल्या उत्सवी नाटकाची वेळ पत्रिकेवर रात्री दहाची असली, तरी पडदा वर जायला साडेअकरा वाजतात, हे आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दुसरा अंक संपेपर्यंत दीड होतो. मग मंडपाबाहेरच्या गाड्यावर मिरची भजी आणि काचेच्या ग्लासातला चहा. माझे मामा गेली कित्येक वर्षं हे व्रत पाळत आलेत. तीनला घरी यायचं, आडवं व्हायचं आणि चारला उठून बसायचं, कारण छातीत आग आणि घशाशी आंबट पाणी.

यंदा त्यांनी गुन्हेगार शोधला होता. "प्रेशराची गोळी घ्यायला लागल्यापासून हे वाढलंय," असं म्हणत त्यांनी एका रात्री गोळी घेतलीच नाही. तरीही जळजळलं. मग गोळी निर्दोष ठरली. संशय बरोबर, तपास मात्र साफ चुकीचा!

त्यांची गोळी ॲम्लोडिपिनची. उच्च रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत गुळगुळीत स्नायू असतात आणि ते आवळले की दाब वाढतो. आवळायला त्यांना कॅल्शियम लागतं, आणि ते पेशीच्या आवरणातल्या बारीक दारांतून आत शिरतं. ॲम्लोडिपिन ही दारं अडवून धरतं. (जेवणातल्या दूध-नाचणीच्या कॅल्शियमशी याचा संबंध नाही, ते सोडू नका.) स्नायू सैल पडतात, वाहिन्या रुंदावतात, दाब उतरतो.

पण त्याच जातीचे स्नायू अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशीही आहेत. तिथे तीन-चार सेंटिमीटरचा एक पट्टा एरवी आवळलेला असतो. घास आला की सैल होतो, घास गेला की पुन्हा बंद, म्हणजे जठरातलं आम्ल वर येत नाही. याला आपण झडप म्हणतो, खरं तर ती नाडी आवळलेली पिशवी. ती आवळण्याचा जोर डॉक्टर मोजतात तोही रक्तदाबासारखा मिलिमीटर पाऱ्यातच, साधारण १० ते ३०. म्हणजे एकाच शरीरात एक दाब उतरायला हवा आणि दुसरा टिकायला हवा. गोळीला हा फरक कळत नाही. ॲम्लोडिपिनचं जुनं भावंड निफेडिपिन तर ही झडप उघडतच नाही अशा एका आजारात मुद्दाम वापरतात. एकाचा दुष्परिणाम तो दुसऱ्याचा उपचार.

याचा अर्थ ॲम्लोडिपिन घेणाऱ्या प्रत्येकाला जळजळ होते असा नाही. बहुतेकांना होत नाही. झडप मधूनच काही सेकंद आपणहून सैल पडते, निरोगी माणसातही, आणि भरलेल्या, ताणलेल्या पोटात हे जास्त वेळा घडतं. त्यात सुटलेलं पोट खालून दाबतं, फेणी आणि सिगारेट झडपेला आणखी ढिलं करतात. वाढलेलं वजन रक्तदाबालाही कारण आणि जळजळीलाही, म्हणून ही दोन दुखणी एकाच घरात इतक्या वेळा भेटतात. गोळी आधीच किलकिल्या दाराला थोडा धक्का देते, एवढंच.

मग मामांचा प्रयोग का फसला? ॲम्लोडिपिन शरीरात निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास घेतं. एका रात्री गोळी चुकवली तरी आदल्या दिवसांचा साठा रक्तात फिरतच असतो. एका रात्रीत काहीच सिद्ध होत नाही, आणि आठवडाभर बंद केली तर जळजळीचं काय व्हायचं ते होवो, रक्तदाब मात्र वर चढून बसेल. काही गोळ्या, उदाहरणार्थ बीटा ब्लॉकर, एकदम थांबवणं तर हृदयाला थेट धोक्याचं. झडपेला न छेडणाऱ्या रक्तदाबाच्या इतर जातीच्या गोळ्या आहेत. बदल शक्य आहे, फक्त तो डॉक्टरांनी करायचा.

खरी गंमत पुढे आहे. जळजळ झाली की मामी पाण्यात चमचाभर खायचा सोडा ढवळून देत. फेस येतो, मोठ्ठी ढेकर येते, बरं वाटतं. सोडा आम्लाला मारतो हे खरंच. पण एका सपाट छोट्या चमच्याच्या, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. सोडियमच्या हिशेबात ते तीन ग्रॅम मिठाएवढं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. जेवणात मीठ कमी करून रात्री सोडा पिणं म्हणजे पुढच्या दारानं घालवलेल्याला मागच्या दारानं बोलावणं. फसफसणाऱ्या पुड्यांमध्येही बहुधा हाच सोडा असतो; पाकिटावरचा बारीक मजकूर वाचावा.

आता आपल्या सोलकढीबद्दल. तिच्यावर बोट ठेवलेलं गोव्यात कुणाला रुचणार नाही, मलाही नाही. काहींना तिनं खरंच शांत वाटतं. पण कोकमही आंबटच, आणि बाटलीतलं आगळ, म्हणजे कोकमाचा रस, टिकावं म्हणून त्यात मीठ सढळ हातानं घातलेलं असतं. सोलं भिजवून, मीठ बेतानं घालून केलेली कढी वेगळी. पेजेबरोबरचं लोणचं आणि सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) यांचा हिशेब वाचकांनी आपापला करावा.

शेवटी मामा डॉक्टरांकडे गेले तेव्हा डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या. ॲम्लोडिपिन निघाली, ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन निघाली, आणि तळाशी गुडघ्यासाठी मामा स्वतःच फार्मसीतून आणत ती डायक्लोफेनॅकची पट्टी. "ती तर नुसती दुखण्याची," मामा म्हणाले. ही नुसती दुखण्याची गोळी जठराच्या अस्तराला इजा करते, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, दाब वाढवते आणि दाबाच्या काही गोळ्यांचा जोरही कमी करते. पहिली ती गेली. आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलची गोळी जेवणानंतर घ्यायची सवय होती, तीही बदलली: ती नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची. जठरातले आम्लपंप जेवणाबरोबर कामाला लागतात, तेव्हा औषध आधीच रक्तात हवं.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी मामींना बाजूला घेऊन सांगितली. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदना मेंदूकडे जवळपास त्याच वाटेनं जातात, म्हणून मेंदूचीही गफलत होते. सोड्यानं बरं वाटलं म्हणजे पित्तच होतं, असं नाही. उलट, छातीच्या कळेसाठी जिभेखाली ठेवायच्या गोळीनं बरं वाटलं म्हणजे हृदयच, असंही नाही, कारण ती गोळी अन्ननलिकेचाही पेटका सोडवते. रक्तदाब असलेल्याची जळजळ नेहमीपेक्षा वेगळी वाटली, जबड्यात किंवा हातात कळ गेली, घाम फुटला, धाप लागली, तर ढेकरेची वाट न पाहता १०८ ला फोन. सगळ्या तपासण्यांत काही निघालं नाही तर तीन तास वाया गेले, इतकंच. घास अडकणं, काळी शौच, वजन उतरणं यांसाठी दुर्बीण तपासणी लवकर करावी.

उरलं झोपणं. तीन उशा रचून झोपलं की पोट दुमडतं आणि दाब वाढतो, त्याचा उपयोग नाही. पलंगाचे डोक्याकडचे पायच पंधरा-वीस सेंटिमीटर उचलायचे आणि डाव्या कुशीवर झोपायचं. त्या कुशीवर जठराचा फुगवटा अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतो. मामांनी अंगणातल्या जुन्या चिऱ्याचे दोन तुकडे फोडून पायांखाली घातलेत. भजी अजून सुटली नाहीत, पण ती आता पहिल्या अंकाआधी होतात, आणि दोनच. मामींची तक्रार वेगळीच आहे: पहाटेपर्यंत दोघंही घसरत पायथ्याशी येतात.