पान किती तास ओलं होतं?

ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटले, की निफाड-दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार पहाटे आधी बागेत जातो आणि पानाला हात लावून बघतो. पाऊस झाला तर डाऊनीची, म्हणजे द्राक्षवेलीवरच्या केवडा रोगाची, धास्ती असतेच. पण पर्जन्यमापक ठणठणीत कोरडा असतानाही पानं ओली असू शकतात. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतं, भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं आणि हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते. डाऊनीचे बीजाणू पाण्याच्या अशाच पातळ थरातून पोहत पर्णरंध्रांपर्यंत पोहोचतात. तापमान २० ते २५ अंशांच्या आसपास असेल, तर दोन-तीन तासांचा ओलावाही त्यांना पुरतो.

हात लावला की पान ओलं आहे हे कळतं. कधीपासून ओलं आहे, हे कळत नाही. आणि फवारणीचा निर्णय तर त्या तासांवरच अवलंबून असतो.

पूर्वी अशा सलग नोंदींसाठी घड्याळाच्या चावीवर फिरणारा ड्रम असे. त्यावर आठवड्याभराचा कागद गुंडाळायचा, शाईची टोकदार पट्टी त्यावर रेघ ओढत जायची. आर्द्रता मोजायला चक्क माणसाचा केस ताणून बसवत, कारण दमट हवेत केस किंचित लांबतो.

आता हेच काम तळहाताएवढा डेटा लॉगर करतो. दर दहा मिनिटांनी जागं व्हायचं, मोजायचं, वेळेसकट लिहून ठेवायचं, पुन्हा झोपायचं. बहुतेक वेळ झोपेतच जातो, म्हणून छोट्या सेलवर तो महिनोन्‌महिने चालतो. दिवसाला १४४ नोंदी होतात. एका नोंदीला ८ बाइट धरले, तरी अख्खं वर्ष सव्वाचार लाख बाइटच्या आत मावतं. मोबाइलमधला एक फोटोसुद्धा सहसा याहून मोठा असतो.

लॉगरला जोडलेली पानाच्या ओलाव्याची पट्टी मला फार आवडते. दोन कंगवे एकमेकांत दात घालून, पण एकमेकांना न टेकता ठेवावेत, तशा तिच्यावर धातूच्या रेषा असतात. पट्टी कोरडी असली की वीज या कंगव्यातून त्या कंगव्यात जात नाही. दवाचा थेंब दोन दातांच्या मध्ये बसला, की वाट मिळते आणि लॉगर लिहितो : ओलं. ही पट्टी पानांच्याच उंचीवर, तिरपी, उत्तरेकडे तोंड करून बांधतात. त्यामुळे थेट उन्हाने ती पानांच्या आधीच वाळून जात नाही.

तापमानाचा संवेदक मात्र उघडा टांगू नये. उन्हात तो हवेचं नव्हे, स्वतःच्या तापलेल्या अंगाचं तापमान लिहितो. पांढऱ्या ताटल्यांची उतरंड असते ना, जिच्या फटींतून वारा खेळतो पण ऊन आत येत नाही, ती हवीच. पैसे कमी असतील तर संवेदक साधा घ्या, उतरंड सोडू नका.

जागाही तितकीच महत्त्वाची. थंड हवा जड असते, रात्री ती पाण्यासारखी उताराने खाली येते आणि सखल भागात साचते. एकाच बागेत चढावरची पानं वाळलेली असताना ओढ्याकाठच्या ओळी ओल्याच असू शकतात. एकच लॉगर परवडत असेल, तर घराजवळ नजरेसमोर न बसवता त्या ओढ्याकाठच्या ओळीत बसवावा.