सीक्यू २४.६ म्हणजे नेमकं किती?

रिअल-टाइम पीसीआरचं यंत्र डीएनएच्या प्रती चक्रागणिक वाढवतं आणि मोजतं. प्रत्येक वेलमागे (नमुना भरलेल्या छोट्या खाचेमागे) शेवटी ते एक आकडा हाती ठेवतं, सीक्यू; समजा २४.६. डीएनएला चिकटणाऱ्या रंगाची, म्हणजे डायची, चमक एका ठरावीक रेषेला छेदते ते हे चक्र. रेषा कुठे आखायची हे मात्र सॉफ्टवेअर किंवा वापरणारा ठरवतो. ती वर सरकवली की आकडा वाढतो. १९९०च्या दशकाअखेर ही यंत्रं रुळली तेव्हा याच आकड्याला कुणी सीटी म्हणे, कुणी सीपी. फाइलचं स्वरूपही ज्या त्या यंत्राचं वेगळं.

२००१मध्ये लिव्हाक आणि श्मिटगेन यांची डेल्टा-डेल्टा सीटी पद्धत आली; सीटीच्या फरकांवरून ती नमुन्यांची तुलना करते. हिशेब इतका सोपा झाला की दर चक्राला डीएनए दुप्पट होतो हे गृहीतक तपासायचंच राहून जाऊ लागलं. कार्यक्षमता ९० टक्के असली (म्हणजे दर चक्राला दोन नव्हे, १.९ पट) तर ३० चक्रांनंतर अपेक्षेच्या जेमतेम पाचवा हिस्सा डीएनए तयार होतो. नमुना दर वेळी दहापट पातळ करून मिळालेल्या आकड्यांच्या आलेखाचा उतार तेव्हा −३.३२ ऐवजी −३.५९ येतो. हा उतार नोंदलाच नसेल तर चूक नंतर कुणालाही सापडत नाही.

कच्च्या नोंदींची किंमत २००७मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात दिसली. लस आणि ऑटिझम यांच्या दाव्यात मुलांच्या आतड्यात गोवराचा विषाणू सापडल्याचा पुरावा होता. पीसीआरतज्ज्ञ स्टीफन बस्टिन यांनी यंत्राच्या मूळ रनच्या नोंदी आणि प्रयोगशाळेच्या वह्या तपासल्या. गोवराचा विषाणू आरएनएचा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत, केलं नाही तर सिग्नल येऊच नये. ती पायरी वगळलेल्या वेलमध्येही तो आला होता, म्हणजे नमुन्यात बाहेरच्या डीएनएची भेसळ.

२००९मध्ये बस्टिन आणि सहकाऱ्यांची एमआयक्यूई मार्गदर्शक सूत्रं आली, पीसीआर प्रयोगाबद्दल काय काय नोंदवायचं याची: ८५ बाबी, त्यांतल्या ५७ अत्यावश्यक. आकड्याचं नावही एकच ठरलं, सीक्यू. त्याच वर्षी आरडीएमएल हे सामायिक फाइल-स्वरूप प्रसिद्ध झालं. .आरडीएमएल फाइल म्हणजे झिप. आत एक्सएमएल, त्यात नमुने, लक्ष्य जनुकं, तापमानाचा कार्यक्रम आणि चक्रागणिक चमक. एवढं असलं की रेषा नव्याने आखून हिशेब पुन्हा मांडता येतो.

आकडे एक्सेलमध्ये नेले की गोष्टच वेगळी. एसईपीटी२ हे जनुक टाइप केलं की त्याची २ सप्टेंबर ही तारीख होते. शेवटी मानवी जनुकांच्या नामकरण समितीनेच २०२०मध्ये जनुकाचं नाव बदलून सेप्टिन२ केलं! आणि सिग्नल न आलेल्या वेलमध्ये ४० भरून सरासरी काढायची खोड तर अजून गेलेली नाही. ४० हे फक्त रन थांबलं ते चक्र; मोजमाप नव्हे.

२०२५च्या एमआयक्यूई २.०मध्येही यंत्रनिर्मात्यांना हेच सांगावं लागलं आहे की कच्चा डेटा बाहेर काढता येईल अशी सोय ठेवा.