कुत्र्याने गांजा खाल्ला तर

कुत्रा उभ्या जागी मागे-पुढे डोलू लागतो, तोंडाजवळ हात नेला तरी दचकून मान मागे घेतो आणि लघवी थेंबथेंब गळत असल्याचे त्याला भानही नसते. ही तिन्ही लक्षणे अचानक एकत्र दिसली, की पशुवैद्याला गांजाची शंका येते.

गांजातील नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी. मेंदूतील पेशींवरच्या ज्या सीबी१ ग्राहींना, म्हणजे असे पदार्थ पकडणाऱ्या जागांना, तो चिकटतो, ते कुत्र्याच्या अनुमस्तिष्कात, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत, माणसापेक्षा कितीतरी दाटीने असतात. म्हणूनच माणसाला ज्यातून थोडी गुंगी येते, त्यातून कुत्र्याचे पाय लटपटतात. वास चांगला आला की जे सापडेल ते सगळे फस्त करण्याची त्याची सवय यात भर घालते.

लक्षणे बहुधा अर्ध्या ते एका तासात दिसू लागतात, मात्र कधी कधी काही तास उलटूनही जातात. त्यामुळे खाल्ल्याचे नुसते कळले तरी वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून घरी उलटी काढण्याचा प्रयत्न कृपा करून करू नये. मिठाची स्वतंत्र विषबाधा होऊ शकते, आणि गुंगीत असलेल्या कुत्र्याची उलटी श्वासनलिकेत शिरून न्यूमोनिया झाला, तर तो मूळ नशेपेक्षा घातक ठरतो.

काय खाल्ले, किती आणि केव्हा, हे न लाजता सांगावे; वेष्टन उरले असेल तर सोबत न्यावे. माणसांसाठीची लघवीची चाचणी कुत्र्यात अनेकदा फसते, कारण त्याच्या शरीरात टीएचसीपासून तयार होणारे पदार्थ वेगळे असतात. साहजिकच मालकाने दिलेली माहितीच निदानाचा मुख्य आधार ठरते. गांजा घातलेल्या खाऊत चॉकलेट, मनुका किंवा झायलिटॉल ही गोडी आणणारी पूड असेल, तर खरा धोका बहुतेक वेळा त्यांचाच असतो आणि उपचारांची दिशाच बदलते.

टीएचसीवर ठरलेला उतारा नाही. शिरेतून सलाइन, उलटी थांबवणारे औषध, शरीर ऊबदार ठेवणे, हृदयाचे ठोके आणि श्वास यांवर लक्ष, आणि काही वेळा पोटातले विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा, असा आधार देणाराच उपचार असतो. शुद्ध हरपणे, झटके किंवा मंदावलेला श्वास दिसल्यास क्षणही दवडू नये. मृत्यू मात्र विरळाच.

सौम्य बाधेत पशुवैद्याने घरी ठेवण्यास सांगितले, तर जिना आणि उंच पलंग यांपासून दूर, मंद उजेडाच्या शांत खोलीत त्याला जमिनीवर निजवावे, आणि नीट गिळता येईपर्यंत अन्नपाणी पुढे करू नये. बहुतेक कुत्रे दिवसभरात सावरतात. टीएचसी चरबीत साठून हळूहळू बाहेर पडत असल्याने, जास्त मात्रा गेली असेल तर पाय सरळ पडायला तीन दिवसही लागतात.